मागचं उकरायचं नाही

सबनीसांच्या घरात कुणाची कुठलीही गोष्ट कधी जुनी होत नसे. सुचेताने लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत चिरोट्यांना मोहन कमी घातलं होतं. ती आता निवृत्त झाली, तरी तिच्या हातचा चिरोटा सगळे आधी दोन बोटांनी मोडून बघत. तिच्या नवऱ्याने, शशीने, एकदा स्लाऊमध्ये गाडी रिव्हर्स घेताना शेजाऱ्याच्या कुंपणावर घातली होती. तेव्हापासून त्याने मान मागे वळवली की गाडीतली सगळी माणसं वरचं हँडल धरत. त्यांच्या मुलाने, अपूर्वने, पाचव्या वर्षी शेजारच्या झाडाची प्लम्स न विचारता तोडली होती. तो आता अठ्ठावीस वर्षांचा सॉलिसिटर होता, पण डब्यातले काजू कमी झाले की पहिली नजर अजून त्याच्याकडेच जाई. माणूस एकदा जसा वागला तसाच पुन्हा वागणार, यावर या कुटुंबाचा इतका गाढ विश्वास होता की त्यासाठी कुणी वेगळा पुरावा मागत नसे.

त्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या रविवारी शशी-सुचेताच्या, इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या घरात पाऊल टाकताच अलकाने जाहीर केलं की, "आज मागचं काही उकरायचं नाही," तेव्हा मग बोलायचं तरी कशावर, हे कुणाला कळेना.

अलका थोरल्या कमलाकर सबनीसांची बायको, आणि सुचेताची सख्खी मोठी बहीण. दोघी बहिणी दोन भावांकडे दिलेल्या. मधल्या भावाची मुलगी निवेदिता. तिने थोरल्या काकांवर दावा लावला, त्याला आता वर्ष झालं होतं. अकराव्या वर्षी ती स्लाऊला त्यांच्याकडे ग्रामर स्कूलच्या प्रवेश परीक्षेचं गणित शिकायला जात असे. त्या खोलीत काकांनी आपल्याशी काय केलं, हे तिने आधी पोलिसांना सांगितलं. पोलिसांनी ते बरेच दिवस ठेवून घेतलं आणि एकट्या तिच्या शब्दावर खटला उभा राहणार नाही, असं कळवलं. मग ती दिवाणी कोर्टात गेली. लैंगिक अत्याचार हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. एखाद्याच्या मूळव्याधीला 'तो त्रास' म्हणावं, तसं सगळे याला 'ते प्रकरण' म्हणत.

मागच्या काचेच्या खोलीत, कॉन्झर्व्हेटरीत, टेबलावर मोड आलेल्या वालांची परात होती. वाल अलकाने स्लाऊहून ओल्या फडक्यात बांधून आणले होते. सबनीसांकडे कुठलाही मोठा निर्णय बिरडं सोलता सोलताच होई. हात गुंतलेले असले म्हणजे एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

"वकिलांना आपल्याकडून फार काही नकोय," अलका म्हणाली. "प्रत्येकाने चार ओळी द्यायच्या. ह्यांना किती वर्षं ओळखता, ट्यूशनची खोली कशी होती, कधी काही वावगं दिसलं का. बस्स. मागचं उकरायचं नाही."

"मागचं म्हणजे कुठवरचं, वहिनी?" शशीने विचारलं. तो ब्रॅकनेलच्याच एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता. "स्कोप क्लिअर असलेला बरा."

"मागचं म्हणजे मागचं."

"पण केसच पंचवीस वर्षांमागची आहे."

"ते निवेदिताने उकरलंय. आपण नाही."

"मावशी," अपूर्व म्हणाला, "अ‍ॅक्च्युअली आपण असं एकत्र बसून हे करायलाच नको. विटनेस लोकांनी आधी डिस्कस केलं की त्यांची स्टेटमेंट खराब होतो."

"होते," अलका म्हणाली. "स्टेटमेंट होते. आणि तू घरं विकणारा वकील. तुला काय कळतं यातलं?"

"कन्व्हेयन्सिंग. पण एव्हिडन्स मला पण शिकवलाय."

"म्हणून तर हे बाहेर बसलेत," अलका म्हणाली.

हे खरं होतं. कमलाकर सबनीस बाहेर, घरासमोरच्या ड्राइव्हवर, गाडीत बसले होते. साक्षीदारांशी केसबद्दल बोलू नका, असं त्यांच्या वकिलाने बजावलं होतं, आणि नियम म्हटला की तो अक्षरशः पाळायचा, हा त्यांचा लौकिक होता. स्लाऊला घरीच थांबले असते तरी चाललं असतं, पण बिरडं गरम खायची सवय. सीटचा हीटर लावून, मांडीवर शाल घेऊन ते समोरच्या गॅरेजच्या दाराकडे बघत होते. शेजारचा मिस्टर हॉलंड कुत्र्याला घेऊन दोनदा तिथून गेला आणि दोन्ही वेळा त्याने त्यांना हात केला.

"आता ऐका," अलकाने आवाज खाली आणला. "तिचे वकील आणखी बायका शोधतायत. ह्यांच्याकडे शिकलेल्या. एकेकीला फोन करतायत म्हणे."

"कशाला?" शशी म्हणाला.

"तेच मी विचारते. अरे अपूर्व, तू शिकलायस ना? दावा तिचा. मग दुसरीचं तिथं काय काम?"

अपूर्वने वाल बाजूला ठेवला. घरात प्रथमच कुणी त्याला कायद्याचा प्रश्न विचारला होता, आणि तो नेमका हा होता.

"सिव्हिल कोर्टात जज एवढंच बघतो, की काय झालं असण्याची शक्यता जास्त आहे. आत्ता तिचा वर्ड अगेन्स्ट काकांचा वर्ड. फिफ्टी-फिफ्टी. पण काकांनी पूर्वी दुसऱ्या कोणाशी सेम तसंच केलं असेल, तर जज विचारतो, त्या गोष्टीने या गोष्टीबद्दल काही कळतं का? कळत असेल तर ती ऐकतात. मग बघतात, ते काकांना अनफेअर तर नाही ना, फार जुनं तर नाही ना."

"म्हणजे मागचं उकरायचं!"

"हो. पण प्रॉपरली."

"जन्मभराचं नाव असं एखाद्या जुन्या गोष्टीवरून ठरवायचं?" अलकाने विचारलं, आणि टेबलावरची काजूची वाटी अपूर्वच्या हातापासून लांब सरकवली. "माणूस बदलत नाही का कधी?"

अपूर्व वाटीकडे बघत राहिला. "आणि एक मेन गोष्ट. दोघींनी बोलून स्टोरी जुळवली असेल तर त्याला व्हॅल्यू शून्य. समोरचा वकील तेच पहिलं विचारणार. पण एकमेकींचं काहीच माहीत नसताना दोघी तेच सांगत असतील, तर मग त्याला ना, काय म्हणतात, वजन येतो."

"येतं," अलका म्हणाली. पण तिचा हात थांबला होता.

सुचेता आतापर्यंत एक शब्द बोलली नव्हती. तिच्यापुढे सोललेल्या वालांचा ढीग सगळ्यांत मोठा होता. तिची सालं एका बाजूला, डाळिंब्या एका बाजूला, मध्ये स्वच्छ जागा. आयुष्यभर तिने हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासले होते, आणि आपल्या हाताखालच्या प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती: एका यंत्राचं उत्तर बघून दुसऱ्यावर नमुना लावू नकोस. डोळा फसतो. आपल्याला जे दिसायला हवं ते दिसतं.

सोमवारी निवेदिताच्या वकीलबाईंचा तिला फोन आला होता. बाईंनी विचारलं ते इतकंच, की तुम्ही लहानपणी कधी त्यांच्याकडे शिकलात का? सुचेता म्हणाली, हो. एक वर्ष, ठाण्याला, सातवीच्या स्कॉलरशिपचं गणित. ताईचं नुकतंच लग्न झालं होतं, शाळा तिच्या घराजवळ होती, म्हणून आईने पाठवलं.  मग बाई म्हणाल्या, तुम्हाला काही सांगायचं असेल तर पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी दहाला लंडनच्या ऑफिसात येऊन सांगा. पण तोवर कृपा करून निवेदिताशी बोलू नका. तिने काय म्हटलंय, ते कुणालाही विचारू नका.

सुचेताने कुणालाच विचारलं नाही. पण सबनीसांच्या घरात न विचारता राहणं सोपं आहे. न ऐकता राहणं फार कठीण. गेले सहा दिवस ती आपल्याच कुटुंबापासून आपले कान वाचवत फिरत होती. सकाळी अलकाने फोनवर सुरुवात केली, "काय काय लिहिलंय गं तिने, ऐकवत नाही," आणि लगेच ऐकवायला घेतलं, तेव्हा सुचेताने मिक्सर लावला होता. त्यात वाटण्यासारखं काही नव्हतं.

अजून तिने शुक्रवारचं ठरवलं नव्हतं. शशीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्या वडिलांनंतर दादांनीच त्याला शिकवलं, इथे आणलं, पहिली दोन वर्षं आपल्या घरात ठेवलं. शुक्रवारी ती बोलली, तर त्याला सांगावं लागणार होतं की तुझ्या दादांना मी तुला ओळखायच्या आधीपासून ओळखते. नाही बोलली, तर निवेदिता एकटी उभी राहणार, आणि फिफ्टी-फिफ्टीवर हरणार.

"मुळात तिचं म्हणणं बघ ना," अलका शशीकडे वळून म्हणाली. "म्हणे, रोज शिकवणी संपत आली की हे तिला..."

"ताई, नको," सुचेता म्हणाली.

"अगं, घरच्यांना कळायला नको? म्हणे, आधी दिवा..."

"मला तिने काय लिहिलंय ते सांगू नकोस." सुचेता उठली. "शशी, भावोजींना चहा देऊन ये. गारठले असतील गाडीत."

"गाडीत हीटर आहे," शशी म्हणाला. पण तो उठला. त्याला कुणीतरी काहीतरी काम सांगावं, हे त्याला मघापासून हवंच होतं.

*

खिडकीची काच अर्धी खाली आली.

"आत काय चाललंय ते मला सांगू नकोस," कमलाकर म्हणाले.

"नाही सांगत, दादा."

"मी विचारणार नाही, तू सांगायचं नाही. वकिलाने स्पष्ट सांगितलंय." त्यांनी चहाचा घोट घेतला. "साखर कमी आहे. वाल कोवळे निघाले का?"

"मस्त निघालेत."

"हं." ते गॅरेजकडे बघत होते. पंचाहत्तरीतही त्यांचा भांग रेघ मारल्यासारखा होता. त्यांच्याकडे शिकलेली स्लाऊमधली निम्मी डॉक्टर मंडळी आजही त्यांना दिवाळीला मिठाई पाठवत. "मी तुला काही सांगत नाहीये. नुसता बोलतोय. उद्या एखाद्याने विचारलं तर म्हणावं, ट्यूशनच्या खोलीला दारच नव्हतं. समोर जिना, खाली बायको स्वयंपाक करतेय, पोरं वरखाली करतायत. दार नसलेल्या खोलीत काय होणार? याला म्हणतात लॉजिक. अलकाला सांग, दाराचा मुद्दा विसरू नको."

"सांगतो."

"सांगू नकोस रे. मी बोललोच नाही." काच वर गेली.

शशी तिथेच क्षणभर उभा राहिला. दादांचं कुठलंही वाक्य त्याला आजवर चुकीचं वाटलं नव्हतं. गणिताच्या माणसाचं बोलणं, एकातून एक निघालेलं. पण यात काहीतरी खुपत होतं, आणि ते काय, ते त्याला घरात शिरेपर्यंत सापडेना. मग सापडलं, आणि एखादी हरवलेली वस्तू मिळाल्याचा आनंद चेहऱ्यावर घेऊन तो कॉन्झर्व्हेटरीत आला.

*

"वहिनी, दादा म्हणतायत, म्हणजे ते काही म्हणत नाहीयेत, पण दाराचा मुद्दा घ्या."

"घेतलाय ना!" अलकाचा चेहरा उजळला. "तेच तर. त्या खोलीला दार नव्हतंच मुळी. ट्यूशनच्या पोरांचे आईबाप कौतुक करायचे. इतका पारदर्शक कारभार कुणाकडे होता सांग. शशी, तू हेच लिही. तू तर तिथे राहिलायस."

"पण आम्ही राहायचो तेव्हा दार होतं," शशी म्हणाला.

"काहीतरीच."

"अहो, असं काय करता? मीच काढलं की ते! तुम्ही फोन केला होता. मी नवीन ड्रिल घेतला होता, बॉशचा, पहिलाच. बिजागऱ्यांवर रंगाचे तीन थर चढलेले, स्क्रू फिरेनात. मी दोन तास घातले त्याच्यावर." त्याला आता थांबवणं शक्य नव्हतं, घरातलं त्याचं एकही काम कुणाच्या लक्षात राहत नसे, आणि आज प्रथमच ते उपयोगी पडत होतं. "नंतर खाचा भरल्या, घासल्या, रंग दिला. आजही कळणार नाही तिथे दार होतं म्हणून. इतकं क्लीन काम."

अपूर्वने आईकडे बघितलं. आई परातीत बघत होती.

"बाबा," तो म्हणाला, "हे केव्हा केलं?"

"केव्हा म्हणजे, तू चार वर्षांचा असशील. उन्हाळा होता. निवेदिताने ट्यूशन सोडली त्याच सुट्टीत. मला पक्कं आठवतं, कारण दार टाकून द्यायचं म्हणत होत्या वहिनी, आणि मी म्हटलं, चांगलं पाइनचं आहे, मी नेतो. अजून आपल्या शेडमध्ये आहे ते. रंगाचे डबे ठेवतो त्याच्यावर."

 शशीचा चेहरा अजून हसरा होता, पण आता तो एकेकाकडे आळीपाळीने बघत होता. आपण काहीतरी चांगलं केलं असून कुणी शाबासकी का देत नाही, अशा अर्थाने.

"मावशी," अपूर्व हळूच म्हणाला, "तू ती दार का काढायला सांगितली?"

"ते दार," अलका म्हणाली. "दार ते. किती वेळा सांगायचं?"

"ते दार का काढलं?"

"हवा खेळती राहावी म्हणून."

"इंग्लंडमध्ये?"

अलका उठली आणि सोललेल्या डाळिंब्यांची परात उचलून स्वयंपाकघरात गेली.

*

अपूर्वला कामावर रोज असंच काही हेरावं लागे. घर विकणारा माणूस फॉर्मवर लिहितो, भिंतीला कधी ओल नव्हती. आणि मग सर्वेक्षण करणाऱ्याला दिसतं की तेवढीच एक भिंत नव्याने रंगवली आहे. ओल नसलेल्या भिंतीला कुणी रंग देत नाही. अपूर्वला मावशी आवडत असे. लहानपणी तो तिच्याकडे राहायला जाई, तेव्हा ती त्याला काजू मोजून देई, पण देई. तिने काय पाहिलं होतं, की काहीच पाहिलं नव्हतं, नुसतं एका उन्हाळ्यात एका मुलीचं येणं बंद झालेलं पाहिलं होतं? तो बाबांकडे वळला.

"बाबा, तुम्ही हे जे आत्ता बोललात ना, ते लिहून देऊ नका. किंवा द्या. मला माहीत नाही."

"का रे? क्लीन काम होतं ते," शशी म्हणाला. मग त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "थांब. म्हणजे निवेदिता शिकायला जायची, तेव्हा दार होतं."

"हो, बाबा."

शशी खुर्चीवर बसला. त्याला उत्तर पोचायला नेहमीच वेळ लागे, पण पोचलं की ते परत जात नसे.

*

स्वयंपाकघरात अलका ओलं खोबरं वाटायला काढत होती. सुचेता आली तशी ती वळली नाही.

"तुझ्या नवऱ्याला जरा अक्कल शिकव," ती म्हणाली. "ड्रिल म्हणे."

"ताई, तू निवेदितासाठी दार काढलंस?"

"तिच्यासाठी कसं? ती तर येईनाशी झाली होती. पुढच्या पोरींसाठी." हे बोलून गेल्यावर अलकाने ते ऐकलं, आणि आता मागे घेण्यात अर्थ नव्हता. "मग काय करायला हवं होतं मी? दवंडी पिटायची होती? मला काही ठाऊक नव्हतं. ती एकदा रडत खाली आली, तिने काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण मला जे करण्यासारखं होतं, ते मी केलं. दुसऱ्या कुणी एवढंही केलं नसतं. दार काढल्यावर काही झालं नाही, झालं का? सांग ना. तुझ्या वेळी मला कळतं, तर तेव्हाही..."

ती थांबली.

"माझ्या वेळी," सुचेता म्हणाली.

बाहेर गाडीत कमलाकरांनी रेडिओ लावला असावा. कुठल्या तरी क्रिकेट सामन्याची कॉमेंट्री बंद काचेतून अस्पष्ट येत होती.

"मी तुला कधीच काही सांगितलं नव्हतं, ताई."

"तू शशीच्या स्थळाला नाही म्हणालीस तेव्हा कळलं," अलका म्हणाली. ती अजूनही ओट्याशीच बोलत होती. "इतका चांगला मुलगा, आणि तू नाही म्हणतेस, आणि कारण सांगत नाहीस. आई माझ्याकडे बघत होती, मी तुझ्याकडे. तेव्हा कळलं."

"आणि मग तूच तिसऱ्यांदा येऊन मला हो म्हणायला लावलंस."

"परक्या घरी गेली असतीस, तर कधी ना कधी कुणाजवळ बोलली असतीस. या घरात आलीस की घरासारखी राहशील." अलकाने डोळे पुसले, खोबऱ्याबरोबर कांदाही होता. "आणि राहिलीस की नाही छान? शशीने काय कमी केलं तुला? मुलगा वकील झाला. ह्यांनी तुला परत कधी मान वर करून बघितलं का? नाही ना? मग?"

सुचेताला वाटलं होतं, ही गोष्ट कधी उघड झाली तर आपल्याला राग येईल. प्रत्यक्षात तिला आला तो एक प्रकारचा थकवा. इतकी वर्षं ती एकटीच एक वजन धरून उभी होती; आणि दुसरं टोक ताईने धरलेलं होतं, फक्त खालच्या बाजूने ओढून.

"मी शुक्रवारी निवेदिताच्या वकिलांकडे जाते, ताई," ती म्हणाली. बोलेपर्यंत तिला ते ठाऊक नव्हतं.

अलका आता पुरती वळली. मघाशी अपूर्वने सांगितलेलं तिने लक्ष देऊन ऐकलं होतं. तिची बुद्धी तिच्या नवऱ्यापेक्षा काकणभर सरसच होती, नुसती तिला कुणी गणित शिकवलं नव्हतं. सुचेता सकाळपासून कान का झाकत होती, फोनवर मिक्सर का लावत होती, हे तिला आता लख्ख कळलं. आणि त्यावरचा उपाय किती सोपा आहे, हेही.

"जा की," ती म्हणाली. "पण आधी ऐकून जा, तिने काय लिहिलंय. मी सगळं वाचलंय. पाठ आहे मला." आणि ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. "शिकवणी संपत आली की हे दिवा..."

"थांब!" सुचेता म्हणाली. तिने इतक्या मोठ्याने या घरात कधी काही म्हटलं नव्हतं. कॉन्झर्व्हेटरीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "आधी मी बोलणार. अपूर्व! शशी! इकडे या. दोघेही या, आणि ऐका. ताई, तू एक अक्षर बोलू नकोस."

दोघे दारात येऊन उभे राहिले. शशीच्या हातात अजून वालाचं एक साल होतं.

सुचेता फ्रिजला पाठ लावून उभी राहिली. ती शशीकडे बघून बोलली, कारण त्याच्याकडे बघून बोलता आलं नाही तर कोर्टात कुणाकडेच बघून बोलता येणार नव्हतं.

"मी बारा वर्षांची होते. ताईच्या घरी, ठाण्याला. शिकवणी संपत आली की ते खिडकी लावून घ्यायचे आणि दिवा घालवायचे. म्हणायचे, आता मनातल्या गणिताचा सराव. डोळे मिटायचे आणि एकोणतिसाचा पाढा उलटा म्हणायचा. अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. पाढा पुरा होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, काहीही झालं तरी." ती थांबली. "मी फार हुशार होते. तरी तो पाढा मला कधीच पुरा करता आला नाही. बाकीचं मी त्या वकीलबाईंना सांगेन. इथे नाही."

 अपूर्व मावशीकडे बघत होता. तो विचारणार होता, की निवेदिताने लिहिलंय ते यापेक्षा वेगळं आहे का. पण त्याला विचारावं लागलं नाही. कारण अलका सबनीसांच्या घरात पंचेचाळीसहून अधिक वर्षं नांदली होती, आणि त्या घरात कुणी काही चुकीचं सांगितलं तर ते दुरुस्त केल्याशिवाय राहवत नसे. सुचेता खोटी पडेल असा एकच तुकडा तिला दिसला, आणि तिने तो झडप घालून उचलला.

"बघा!" ती म्हणाली. "बघा, नाही जुळत! एकोणतिसाचा कुठे? तिच्यात सत्ताविसाचा आहे!"



"आणि दिवा, मावशी?" अपूर्वने विचारलं. "आणि डोळे?"

 अलकाचा हात नुसताच ओट्यावर इकडून तिकडे फिरला, सांडलेलं काही पुसावं तसा, आणि तिथे काही सांडलेलं नव्हतं.

सुचेताच्या मनात, इतक्या सगळ्या गोंधळातही, एक जुनी सवय शांतपणे आपलं काम करत होती. दोन यंत्रांची उत्तरं शेवटच्या आकड्यापर्यंत हुबेहूब आली की ती नेहमी नमुना परत मागवायची. तसं सहसा कुणीतरी बघून लिहिलेलं असतं. एवढा फरक राहायलाच हवा. तिने अकरा वर्षांच्या निवेदिताला डोळ्यांपुढे आणलं, मिटल्या डोळ्यांनी सत्ताविसाशी झगडणारी, आणि गेल्या सहा दिवसांत प्रथमच तिला त्या मुलीला फोन करावासा वाटला. तो शुक्रवारनंतर.

बाहेर हॉर्न वाजला. एकदा, आखूड. भूक लागली की कमलाकर असा वाजवत.

शशी दचकला आणि सवयीने दाराकडे वळला. दोन पावलं गेला. मग तो थांबला, हातातलं साल त्याने डस्टबिनमध्ये टाकलं, सिंकपाशी जाऊन हात धुतले, आणि टॉवेलला पुसत बायकोकडे बघितलं. त्याचे डोळे लाल झाले होते.

"शुक्रवारी किती वाजता?" त्याने विचारलं.

"दहा. लंडनला."

"मग सव्वाआठला निघू," शशी म्हणाला. "मी रजा टाकतो."

हॉर्न पुन्हा वाजला, आणि या वेळी जरा लांब वाजला.